भुताचे कामाचे तास



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा फार तर गिरणगावाच्या इतिहासावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो 'भयपट'. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला आणि त्यांनी मोठ्या अदबीने विचारले की, हा विषय आपलाच ना? की पाकिटे बदलली? पाकिटे बदललेली नाहीत. विषय आमचाच आहे, आणि तो आमच्याकडे कसा आला ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी रात्री दीडच्या सुमारास उपनगरातील एका चित्रीकरणाच्या जागी आम्हांला जावे लागले. लाइटमन मंडळींची तक्रार होती. भुताच्या चित्रपटाचे काम चालले होते. मागच्या अंगाला, जनरेटरच्या गाडीपाशी, एका पालथ्या खोक्यावर एक हडळ बसली होती. केस मोकळे, डोळ्यांखाली काजळी, अर्धा जबडा सोललेला. ती नळीने चहा पीत होती, कारण तोंड उघडले असते तर गालावर चिकटवलेले रबर सुटले असते. आम्ही युनियनचे, हे तिला कोणीतरी सांगितले असावे. ओठ न हलविता ती म्हणाली, "दादा, दुपारी तीनपासून हे तोंडावर आहे. माझा शॉट अजून लागला नाही. दुसरी शिफ्ट धरतील का हो?"

पडद्यावरच्या भुताला कामाचे तास असतात, ही गोष्ट इतकी वर्षे चळवळीत राहूनही आमच्या ध्यानात आली नव्हती. घरी आल्यावर आम्ही शोध घेऊ लागलो: पडद्यावरची पहिली भुते कोण होती, ती कशी तयार केली, आणि ती करताना किती वेळ बसवून ठेवली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडितांना या विवेचनात उणिवा दिसतील. त्यांनी त्या आम्हांला अवश्य सांगाव्यात.

मराठी माणसाला भूत नवे नाही. वेताळ, मुंजा, झोटिंग, ब्रह्मसमंध, हडळ, अशी आपल्याकडे मोठी बिरादरी आहे. परंतु आजीने सांगितलेले भूत फुकट असते. त्याला अंधार आणि आजीचा आवाज एवढे पुरते, बाकीचे ऐकणारा मूल स्वतःच पुरविते. चित्रपटाचे तसे नाही. कॅमेऱ्यापुढे जे ठेवाल तेच तो घेतो. म्हणून पडद्यावरचे भय कोणाला तरी सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम करून बनवावे लागते. या कामाचा इतिहास जर्मनीत सुरू होतो.

१९२० च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' हा मूकपट प्रथम दाखविला गेला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने. जत्रेत खेळ करणारा एक म्हातारा पेटीत एका झोपेत चालणाऱ्या तरुणाला ठेवतो, दिवसा त्याचा तमाशा दाखवितो आणि रात्री त्याच्याकडून खून पाडवितो, ही कथा. पण आपल्याला कथेपेक्षा नेपथ्याशी कर्तव्य आहे. ते केले होते हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या तिघा चित्रकारांनी. महायुद्ध हरून वर्षभर झालेले, देशात टंचाई. या तिघांनी कापडावर घरे रंगविली: कललेली धुराडी, एकही काटकोन नसलेल्या खिडक्या, सुरीसारख्या निमुळत्या गल्ल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी सावल्याही रंगविल्या! जमिनीवर आणि भिंतीवर जो उजेड आणि जो काळोख दिसतो, त्यातला बराचसा दिव्याचा नसून कुंच्याचा आहे. एका दृश्यात नगरपालिकेचा कारकून इतक्या उंच स्टुलावर बसविला आहे की परवाना मागायला आलेल्याला मान वर करूनच बोलावे लागते. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या आमच्यासारख्या माणसाला पुढच्या खुनांपेक्षा ते स्टूलच अधिक भयंकर वाटले, हे कबूल करतो.

या चित्रपटाविषयी झिगफ्रीड क्राकाउर या लेखकाने १९४७ साली एक ग्रंथ लिहून असे मांडले की, हुकूम देणारा म्हातारा आणि झोपेत हुकूम पाळणारा तरुण यांत पुढच्या हिटलरशाहीची चाहूल आहे. मूळ कथेतला सत्तेविरुद्धचा सूर, सगळी गोष्ट एका वेड्याच्या तोंडी घालून, निर्मात्यांनी बोथट केला, असेही त्याचे म्हणणे. विचार मोहात पाडणारा आहे. पण पुढे मूळ पटकथेची एक प्रत उजेडात आली आणि तिच्यातही गोष्ट कोणीतरी सांगतो आहे अशी बाहेरची चौकट होतीच, फक्त वेगळी. तेव्हा कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत सरळ रेषा ओढणे आम्हांला पटत नाही. इतिहासाला सरळ रेषांचा तिटकारा असतो. त्या तिघा चित्रकारांइतकाच.

दोन वर्षांनी, १९२२ च्या मार्चमध्ये, फ्रीडरिख मुर्नाऊ याचा 'नोस्फेराटू' आला. इथे मार्ग अगदी उलटा. मुर्नाऊ कॅमेरा घेऊन उघड्यावर गेला, विस्मार बंदराच्या धक्क्यावर आणि कार्पेथियन डोंगरातल्या किल्ल्यात. आणि खऱ्याखुऱ्या जागेला त्याने कॅमेऱ्याच्या करामतीने खोटे केले. पिशाचाची घोडागाडी येते तेव्हा कॅमेऱ्याची गती कमी ठेवलेली; त्यामुळे पडद्यावर ती तुटक आणि अमानुष वेगाने धावते. मधले काही क्षण चक्क निगेटिव्हच दाखविली आहे, म्हणजे झाडे पांढरी आणि आकाश काळे. शवपेटीचे झाकण आपोआप हलते ते एकेक चित्र सुटे घेऊन. आणि जिन्यावरून चढत जाणारी ती लांब बोटांची सावली! नट माक्स श्रेक त्या वेळी आपल्याला दिसतच नाही. भिंत, दिवा आणि सावली, एवढ्यावर आजतागायत शेकडो चित्रपटांनी पोट भरले आहे.

रूढी कशी जन्माला येते याचे एक उदाहरण इथेच सांगतो. रक्तपिपासू पिशाच सूर्यप्रकाशाने मरते हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत तसे नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती उणावते. उन्हाने विरघळून मरण्याची युक्ती 'नोस्फेराटू'ची. पडद्यावर उजेड पडताच माणूस नाहीसा करणे हे कॅमेऱ्याला सोपे आणि डोळ्यांना पटणारे, म्हणून ती आली आणि पुढे पुराणासारखी अढळ झाली. स्टोकरच्या विधवेने, परवानगी न घेता कथा उचलली म्हणून, दावा लावला. १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तोवर कंपनी बुडाली होती आणि काही प्रती परदेशी पोहोचल्या होत्या. त्या हुकुमातून जे वाचले तेच आज आपण पाहतो.

आता अमेरिका. जर्मनीतले कुशल लोक हॉलिवूडकडे जाऊ लागले होते. कार्ल फ्रॉइंड हा त्यांपैकी एक मोठा छायाचित्रकार. १९३१ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सल कंपनीचा 'ड्रॅक्युला' न्यूयॉर्कला झळकला, त्याचे छायाचित्रण त्याचेच. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग. बोलपट नुकतेच आले होते आणि पार्श्वसंगीताची आजची चाल पडायची होती. म्हणून आरंभीच्या नावांवर थोडे संगीत आहे आणि पुढे लांबच लांब शांतता. ती शांतताच त्याची भयाची मुख्य सामग्री आहे. बेला लुगोसीच्या डोळ्यांवर दोन बारीक झोत टाकलेले, बाकी चेहरा अंधारात. त्याला सुळे दाखविलेले नाहीत, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. सुळ्यांची रूढी मागाहूनची.

याच चित्रपटाची एक हकीकत गिरणीत काम केलेल्या माणसाला चटकन समजेल. त्या काळी आवाज दुसऱ्या भाषेत बसविण्याची कला कच्ची होती, म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या मुलुखांसाठी तोच चित्रपट वेगळ्या नटांकडून पुन्हा करून घेत. ब्राउनिंगची मंडळी संध्याकाळी घरी गेली की त्याच कोळीष्टकांत, त्याच जिन्यावर दुसरा दिग्दर्शक, जॉर्ज मेलफर्ड, दुसऱ्या नटांना घेऊन उभा राही आणि पहाटेपर्यंत काम चाले. साचा एक, पाळ्या दोन! रात्रपाळीची मंडळी दिवसपाळीचे काम पाहून त्याहून चांगले करण्याच्या ईर्ष्येने राबली. पुष्कळ जाणकार आज स्पॅनिश प्रतीतले कॅमेऱ्याचे काम सरस मानतात. रात्रपाळीला पैसा मात्र कमी होता.

लुगोसीची गोष्ट आमच्या बिरादरीची आहे. हा हंगेरीचा. १९१९ साली तिथे बेला कुन यांचे क्रांतिकारी सरकार आले, त्या दिवसांत त्याने नटांची संघटना बांधण्यात पुढाकार घेतला. ते सरकार १३३ दिवसांत कोसळले आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली. लुगोसी व्हिएन्नामार्गे जर्मनीला आणि तिथून अमेरिकेला पळाला. ज्या हंगेरियन हेलाने पुढे जगाला घाबरविले, तो हेल म्हणजे एका परागंदा युनियनवाल्याची मायबोली होती. 'ड्रॅक्युला'साठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर मिळाले, सात आठवडे, एकूण ३,५००. चित्रपटाने कंपनीला तारले. १९३२ साली लुगोसीने दिवाळे जाहीर केले.

आणि आता बोरिस कार्लॉफ. याच्याजवळ आम्ही जरा अधिक वेळ बसणार आहोत.

१९३१ च्या नोव्हेंबरात 'फ्रँकेन्स्टाइन' आला. दिग्दर्शक जेम्स व्हेल. प्रेतांचे तुकडे जोडून एक शास्त्रज्ञ माणूस बनवितो, ही मेरी शेली हिच्या १८१८ च्या कादंबरीची कथा सर्वांना ठाऊक आहे. राक्षसाचे काम प्रथम लुगोसीकडे चालून आले होते. ते जमले नाही आणि चव्वेचाळिशीला टेकलेल्या एका फारशा नाव नसलेल्या नटाकडे गेले. याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म १८८७, लंडनचा. तरुणपणी कॅनडात गेला, फिरत्या नाटक कंपन्यांत राहिला आणि काम नसेल तेव्हा खड्डे खणणे, ओझी वाहणे, ट्रक चालविणे असे सगळे केले. इथे आपल्या मुलखाचा एक धागा आहे. याचा बाप हिंदुस्थानात मिठाच्या खात्यात नोकरीला होता. सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेली अ‍ॅना लिओनोवेन्स ही याच्या आजीची सख्खी बहीण, आणि तिचा जन्म १८३१ साली आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. लग्न पुण्याचे. अ‍ॅनाबाईंनी ही गोष्ट जन्मभर लपविली आणि आपण वेल्समध्ये जन्मलो असे सांगितले. घराण्यात हिंदी रक्त होते असे अभ्यासक मानतात. कार्लॉफच्या सावळ्या रंगामुळे मूकपटांत त्याला अरबाची नाही तर हिंदी माणसाची लहान कामे मिळत.

राक्षसाचा चेहरा घडविला जॅक पिअर्स याने. हा ग्रीसहून आलेला रंगभूषाकार. रबराचे तयार मुखवटे तेव्हा वापरात नव्हते. कापसाचे पातळ थर कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाने एकावर एक बसवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा बसवायचे. असे करून रोज सकाळी कपाळ आणि चपटे डोके नव्याने उभे करावे लागे. पापण्यांवर मेण. कार्लॉफच्या तोंडात एका बाजूला दातांचा काढता येणारा सेतू होता. तो काढला की गाल आत जाई, म्हणून तो काढून टाकला. अंगाला हिरवट करडा रंग, जो काळ्या-पांढऱ्या फिल्मवर प्रेतासारखा फिका उमटे. कोटाच्या बाह्या आखूड केल्या, म्हणजे हात लांब दिसावेत. आणि पायांत बूट घातले ते डांबरी रस्ते करणाऱ्या मजुरांचे, जाड तळव्यांचे. त्या राक्षसाची ती जगप्रसिद्ध फरपटती चाल ही निम्मी त्या बुटांची आहे! या सर्व कामाला रोज सुमारे चार तास, आणि उतरवायला तास-दीड तास वेगळे.

व्हेलने त्याला प्रथम दाखविले तेही पाहण्यासारखे आहे. दार उघडते आणि राक्षस पाठमोरा आत येतो. हळूच वळतो. मग कॅमेरा सरकत नाही, तर तोडून एकदम जवळ, पुन्हा तोडून आणखी जवळ. आपण मागे सरकायला जागाच राहत नाही. प्रयोगशाळेत ठिणग्या उडविणारी यंत्रे केनेथ स्ट्रिकफॅडन याने जमविली होती. कादंबरीत यांतले काहीही नाही. मेरी शेलीने राक्षस कसा जिवंत झाला ते सांगितलेच नाही. कादंबरीतला राक्षस उत्तम बोलतो, वाद घालतो, आपला हक्क मागतो. चित्रपटाने त्याची जीभ काढून घेतली. १९३५ च्या दुसऱ्या भागात त्याला चार शब्द बोलायला दिले, तर कार्लॉफच नाराज झाला. मुकेपणातच त्याची करुणा आहे असे त्याचे मत होते. कलेपुरते ते खरेही असेल. आम्ही मात्र या बाबतीत मेरी शेलीच्या बाजूचे.

शेवटच्या प्रसंगात राक्षस आपल्या निर्मात्याला खांद्यावर घेऊन टेकडी चढतो. तो निर्माता म्हणजे कॉलिन क्लाइव्ह हा धडधाकट नट होता, आणि ही चढण रात्री पुनःपुन्हा चढविली गेली. कार्लॉफला पाठीने पुढे जन्मभर त्रास दिला. याच चित्रपटात एकदा काम सलग २५ तास चालले. आणि एवढे करून चित्रपटाच्या आरंभी नटांच्या यादीत राक्षसापुढे नाव काय होते? प्रश्नचिन्ह. कुतूहल वाढावे म्हणून केलेली ती जाहिरातीची क्लृप्ती होती, आणि चित्रपटाच्या अखेरीस त्याचे नाव दिलेले आहे, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. तरीपण चार तास तोंड चिकटवून घेणाऱ्या माणसाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

पुढच्या वर्षीच्या 'द ममी'त आणखी कडेलोट. पट्ट्यांत गुंडाळलेले प्रेत सजीव होते त्या प्रसंगासाठी सकाळी अकराला पिअर्सने सुरुवात केली ती संध्याकाळी सातला संपली. आठ तास! मग मध्यरात्र उलटेपर्यंत चित्रीकरण, आणि मग सोडवायला आणखी दोन तास. पडद्यावर ते प्रेत काही क्षणच दिसते. सगळे गुंडाळून झाल्यावर कार्लॉफने पिअर्सला म्हटले म्हणे की, काम अप्रतिम झाले, पण पुढची बटणे लावायला तू विसरलास. हसू येते. पण मुतारीला जाण्याच्या सुट्टीसाठी ज्यांनी खात्यात भांडणे केली आहेत त्यांना या विनोदाचे दुसरे टोकही बोचेल.

१९३३ साल उजाडले. मंदीचा कडेलोट होता. मार्चमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, आणि चित्रपट कंपन्यांच्या मालकांनी आठ आठवड्यांसाठी निम्मी पगारकपात पुकारली. आता मौज पाहा. वरच्या परांचीवर उभे राहून दिवे फिरविणारे, सुतार, यंत्रे चालविणारे, यांची जुनी बळकट संघटना होती. तिने कपात नाकारली आणि मालकांना तिच्यापुढे नमते घ्यावे लागले. खाली झोतात उभे असलेले, ज्यांची नावे भिंतीभर रंगवीत, त्या नटांना संघटना नव्हती. त्यांचा पगार कापला गेला. नाव मोठे आणि हात मोकळे, अशी ती अवस्था. तेव्हा काही नट घरोघरी गुपचूप जमू लागले. उघडकीस आले तर काम जाण्याची भीती होती. ३० जून १९३३ रोजी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड रीतसर नोंदली गेली. कार्लॉफचा सभासद क्रमांक नऊ. लुगोसीही आरंभीच्या सभासदांत होता. जगातली दोन सर्वांत प्रसिद्ध भुते, दोघेही युनियनची!

कार्लॉफ नुसता वर्गणी देणारा नव्हता. तो पुढे वर्षानुवर्षे कार्यकारिणीवर होता आणि सभासद जमवीत फिरला. त्या काळी त्याचा चेहरा कंपनीच्या गल्ल्यातला हुकमी नाणे होता. तो गप्प बसला असता तर त्याचे काही बिघडत नव्हते. १९३३ मध्येच, कबूल केलेली वाढ देण्याची वेळ आली तेव्हा कंपनीने हात आखडता घेतला, आणि तो सरळ काम सोडून चालता झाला; मग नवा करार झाला. मालकांनी गिल्डला मान्यता दिली ती १९३७ च्या मे महिन्यात, संपाची तयारी पक्की झाल्यावर. चार वर्षे लागली. ज्यांनी मान्यतेसाठी झगडा केला आहे त्यांना चार वर्षे म्हणजे काय ते सांगायला नको.

जॅक पिअर्सच्या नशिबी एवढेही नव्हते. राक्षसाचा तो चेहरा कंपनीच्या मालकीचा. मुखवटे, खेळणी, बाहुल्या यांवर तो आजही विकला जातो. चाळिशीचे दशक सरत आले तेव्हा कंपनीत नवी व्यवस्था आली, रबराचे झटपट मुखवटे आले, आणि हाताने रोज नवा चेहरा घडविणाऱ्या या कारागिराला निरोप मिळाला. तो १९६८ मध्ये वारला. रंगभूषेसाठी ऑस्कर पारितोषिक दरवर्षी देण्याची प्रथा १९८१ च्या चित्रपटांपासूनची.

यानंतरच्या इतिहासातले एकच पान उघडतो. १९४२ साली आर.के.ओ. कंपनीने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला नेमले आणि सांगितले: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, आणि नाव आम्ही देऊ ते. नाव दिले 'कॅट पीपल'. मांजराचे चांगले सोंग करायला पैसा नव्हता. म्हणून ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी ते जवळजवळ दाखविलेच नाही. जिना वापरला तो दुसऱ्या चित्रपटासाठी बांधलेला. एक मुलगी रात्री बागेच्या कडेने चालली आहे. मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. मुलगी पळू लागते. शांतता. आणि फिस्स! प्रेक्षागृह दचकते, आणि दिसते काय, तर येऊन थांबलेली बस. तिच्या दाराचा फुसकारा. हा जोड जमविला तो संकलक मार्क रॉबसन याने. धंद्यातले लोक पुढे अशा कोणत्याही फसव्या दचक्याला 'बस'च म्हणू लागले. आज ज्या दोन रूढींवर भयपट चालतो, म्हणजे न दाखविणे आणि शांततेनंतर एकदम आवाज करणे, त्या दोन्ही तिथे पैशाच्या तंगीत घट्ट झाल्या.

१९६० च्या 'सायको'बद्दल लोक आम्हांला हटकून विचारतात. पाऊण मिनिटाच्या स्नानगृहातल्या खुनाला हिचकॉकने सात दिवस घेतले. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक. हिचकॉकला तिथे संगीत नको होते, ते बर्नार्ड हर्मन याने आपल्या मताने रचले आणि नुसत्या तंतुवाद्यांवर. त्या दृश्यात नायिकेच्या जागी काही वेळ दुसऱ्या तरुणीचे शरीर वापरले आहे. नावांच्या यादीत ती नाही.

ही जर्मन सावली आपल्याकडेही पोहोचली, आणि आगगाडीने मालाडला उतरली. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा म्युनिकचा छायाचित्रकार योझेफ वीर्शिंग तिथे आला. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने त्याला जर्मन म्हणून स्थानबद्ध केले. सुटल्यावर तो परत कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि १९४९ मध्ये कमाल अमरोही यांच्या 'महल'चे छायाचित्रण त्याने केले. नदीकाठची ओसाड हवेली, भिंतीवर नायकासारख्याच दिसणाऱ्या मृत माणसाचे चित्र, झोपाळ्यावर दिसून नाहीशी होणारी मधुबाला. यात रबर नाही, रक्त नाही. काळोखात कोठे उजेड पाडायचा एवढेच ज्ञान आहे. आणि शेवटी उलगडते ते असे की, ती कामिनी नावाची भूतबीत काही नसून हवेलीच्या माळ्याची मुलगी आहे!

त्यातले ते सुप्रसिद्ध गाणे लता मंगेशकर यांनी गायिले तेव्हा त्या विशीच्या होत्या. भूत दुरून जवळ येते आहे असे वाटावे म्हणून त्यांना खोलीच्या कोपऱ्यात उभे केले, आणि गात गात त्या हळूहळू मायक्रोफोनपाशी आल्या. आज यंत्राचे एक बटन फिरवून जे होते ते तेव्हा पायांनी करीत. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर गायिकेचे नाव काय छापले? कामिनी. म्हणजे पात्राचे नाव. तशी तेव्हा रीतच होती. नभोवाणीवर ऐकणाऱ्यांची पत्रे येऊ लागली की ही गाणारी कोण, तेव्हा खरे नाव बाहेर आले. प्रश्नचिन्ह आणि कामिनी यांत आम्हांला फारसा फरक वाटत नाही.

बॉम्बे टॉकीज डबघाईला आली तेव्हा तिच्या कामगारांनी सहकारी संस्था काढून स्वतः चित्रपट उभा केला, १९५४ चा 'बादबान'. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी अशी मातबर मंडळी त्यात उभी राहिली. स्टुडिओ वाचला नाही. या प्रयत्नावर कोणीतरी स्वतंत्र व्याख्यान द्यावे असा आहे. भय दाखविण्याचा विषय नसल्याने तो आम्ही इथेच सोडतो.

आमच्या हडळीचे राहिले. चित्रपट कामगारांना लेखी करार दिला पाहिजे असा कायदा आपल्याकडे १९८१ मध्ये झाला होता. त्या रात्री आम्ही व्यवस्थापकाकडे तिचा करार मागितला, तर त्याने एका व्हाउचरच्या पाठीवर लिहिलेली रक्कम दाखविली. आवाज चढले, मुंबईच्या रीतीप्रमाणे चहा आला, आणि पहाटे पावणेचारला दुसरी शिफ्ट आणि घरी जायचे कॉन्व्हेयन्स मान्य झाले. तिचा शॉट साडेचारला लागला. मेकअपदादाने गालावरचे रबर सोडवायला घेतले तेव्हा उजाडत होते. ती बसल्या जागीच झोपली होती आणि तो बिचारा तिला जाग येऊ नये अशा बेताने ओल्या कापसाने ते सोडवीत होता.

पुढे तो चित्रपट लागला तेव्हा आम्ही तिकीट काढून गेलो. ती एकूण दहा-बारा सेकंद दिसते, आरशात. माणसे किंचाळली. खेळ संपल्यावर झाडूवाले आत आले तरी आम्ही नावांची यादी सरकत होती तिथवर बसून राहिलो. खूप खाली, जेवण पुरविणाऱ्याच्या जरा वर, तिचे नाव आले. आडनाव चुकले होते.